अवरक्त निरीक्षणाआधी दुर्बीण साधायची कशी? दोन तारे, प्लेट सॉल्व्हिंग की पूर्ण मॉडेल

आयपीसला डोळा लावलेला असतो तेव्हा नेम थोडा चुकला तरी आपण हलवून-बघून तारा गाठतो. अवरक्त कॅमेऱ्यात ती चैन नाही. 15 मायक्रॉन पिक्सेलचा 640 × 512 पिक्सेलांचा इनगॅस (अवरक्त टिपणारा) सेन्सर आठ इंची, एफ/10 दुर्बिणीला लावला, तर दिसतं जेमतेम 16 × 13 कलांचं आकाश (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पौर्णिमेच्या चंद्राचा साधारण पाव भागच मावेल! त्यात फोकस सरकलेला असला की तारा पार्श्वभूमीत विरघळतो.

दोन ताऱ्यांची पद्धत म्हणजे दोन ओळखीचे तारे एकेक करून मधोमध आणायचे आणि माउंटला (दुर्बीण फिरवणाऱ्या आधाराला) दिशा शिकवायची. ती फुकटची, लॅपटॉपही नको. ब्रह्महृदय आणि व्याध घेतले की दहा मिनिटांत मोकळे. पण इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो, म्हणून आधी ध्रुव साधावा लागतो, आणि नाशिकहून तो क्षितिजावर फक्त 20 अंश. शहराच्या दक्षिणेला जागा घेतलीत तर तो नाशिकच्या दिव्यांवरच टेकलेला दिसतो. शिवाय एवढ्या खाली वातावरण त्याला अडीच कलांहून जास्त वर उचलतं.

माझी फजिती मात्र वेगळ्याच कारणाने झाली. डिसेंबरात आयपीसमध्ये रोहिणी मधोमध आणली, डायगोनल (आयपीसकडे प्रकाश वळवणारा आरसा) काढून कॅमेरा लावला, आणि रोहिणी गायब. अवरक्तात ती डोळ्यांना दिसते त्याहून कितीतरी प्रखर असते, तरीही! अर्ध्या तासाने सापडली, चौकटीच्या काठाबाहेर. डायगोनल गेला तसा प्रकाशाचा मार्ग बदलला, कॅमेऱ्याच्या वजनाने मागची बाजू किंचित झुकली, एवढंच.

प्लेट सॉल्व्हिंग यात खूप पुढे. गाइडस्कोपचा (मुख्य नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचा) साधा कॅमेरा फोटो काढतो, सॉफ्टवेअर त्यातले तारे यादीशी ताडून काही सेकंदांत नेमकी जागा सांगतं. फक्त ती जागा गाइडस्कोपची असते, अवरक्त कॅमेऱ्याची नव्हे. दोघांमधला फरक एकदा मोजून सॉफ्टवेअरला द्यावाच लागतो.

टीपॉइंट सॉफ्टवेअरसारखं पूर्ण मॉडेल म्हणजे डझनावारी ताऱ्यांवर नेम धरून नळीचा झोल, अक्षांमधला तिरपेपणा, ध्रुवाची चूक सगळं गणितात बसवायचं. गच्चीवर कायमचा खांब असेल तर जरूर करा. तिपाई गाडीत घालून अंजनेरीकडे जाणाऱ्याने त्यात संध्याकाळ घालवू नये. तिपाई उचलली की मॉडेल संपलं.

म्हणून फिरत्या सेटअपला मी प्लेट सॉल्व्हिंगच घेईन, पण शेवटचा नेम अवरक्त कॅमेऱ्यानेच, लक्ष्याजवळच्या लालसर ताऱ्यावर. नळी तासभर थंड होऊ द्या, मगच. मृगातल्या तेजोमेघासाठी मृगातलाच लालसर तारा काक्षी उत्तम. काक्षीवर नेम धरताना एक्स्पोजर शक्य तितकं कमी ठेवा, नाहीतर पांढरा गोळाच दिसेल. तेजोमेघ मेरिडियन (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो तेव्हा काक्षीला तिथे पोचायला अजून वीस मिनिटं असतात. मेरिडियनपलीकडे जाताना माउंट नळीची बाजू बदलतं, आणि तशी ती बदलली की दोन कॅमेऱ्यांमधला फरकही बदलतो, तेव्हा काक्षीही पश्चिमेला उतरेपर्यंत थांबा आणि तिथे पुन्हा मोजा.