स्ट्रीटकंप्लीट : चालता चालता प्रश्न विचारणारं ॲप, आठ महिने वापरून लिहितेय

आमच्या मागच्या गल्लीतून वरच्या रस्त्याला जायला एक दगडी जिना आहे. त्याला किती पायऱ्या असं कोणी वर्षापूर्वी विचारलं असतं तर दहा-बारा असतील म्हणून मी मोकळी झाले असते, आणि रोज दोनदा तोच जिना चढते-उतरते बरं का. या ॲपने एका संध्याकाळी जिन्यापाशी पोचल्यावर नकाशावर एक टाचणी दाखवली, ती दाबली तर प्रश्न, इथे किती पायऱ्या आहेत. मोजत वर गेले, १७. खात्री करायला मोजत खाली आले, १८. परत वर गेले, परत १७. मग खाली येऊन उकिडवी बसले आणि बघितलं तर सगळ्यात खालची पायरी डांबरात बुडालीय. रस्ता दर वेळी नवा करताना जुन्या थरावरच नवा थर चढवत गेले असणार, आणि रस्त्याला उतार आहे म्हणून पायरीची डावी कड पूर्ण सपाट झालीय पण उजवीकडे अजून चार बोटं उंची शिल्लक आहे. मी चढताना डावीकडून चढते, उतरताना उजवीकडून उतरते, म्हणून हिशोब लागत नव्हता! १८ लिहिलं. आणि घरी येऊन आईला सांगितलं की उतरताना शेवटी पाय जपून टाक, तिथे अर्धी पायरी आहे. ती म्हणाली मला माहितीय, माझा पाय तिथे दोनदा मुरगळलाय. तेव्हापासून हे ॲप माझ्या फोनमधून हललेलं नाही.

आता ॲप काय आहे ते नीट सांगते. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून जगाचा एक नकाशा आहे, २००४ पासून लोक मिळून बनवतायत, विकिपीडियासारखं समजा, कोणीही खातं उघडून त्यात भर घालू शकतं आणि त्यातली माहिती कोणीही वापरू शकतं, श्रेय दिलं म्हणजे झालं (आणि त्या माहितीत भर घालून ती पुढे दिलीत तर ती पण तशीच खुली ठेवायची). तर या नकाशात रस्ते, इमारती बऱ्याच ठिकाणी काढलेल्या असतात पण बारीकसारीक माहिती नसते. रस्ता डांबरी की सिमेंटचा की फरशीचा, दिवे आहेत का, इमारतीला मजले किती, घराला नंबर काय, बाकड्याला पाठ आहे का, बसथांब्याला छप्पर आहे का. सॅटेलाइट फोटोत हे धड दिसत नाही, कोणीतरी तिथे उभं राहून बघायला लागतं. स्ट्रीटकंप्लीट अशा राहून गेलेल्या गोष्टी शोधतं आणि तुम्ही जिथे आहात त्याच्या आसपास टाचण्या लावून देतं. टाचणी दाबा, साधा प्रश्न येतो, बऱ्याचदा चित्रांसकट, उत्तरावर बोट ठेवा, झालं, ते थेट नकाशात जातं. २०१७ पासून ॲप आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, कोड सगळा खुला आहे. नकाशा संपादन वगैरेचं काडीचं ज्ञान लागत नाही.

प्रश्नांचे प्रकार शंभराहून जास्त आहेत आणि माझ्या मते या ॲपचा सगळा जीव त्या प्रश्नांमध्ये आहे. "फिरायला जा, निरीक्षण करा" असा सल्ला सगळेच देतात पण नेमकं बघायचं काय? मोकळ्या मनाने बघायला गेलं की पाच मिनिटांत मन भलतीकडे जातं, निदान माझं तरी. इथे तुम्हाला एक अगदी छोटं, ठोस काहीतरी विचारलं जातं, आणि ते बघायला थांबलात की शेजारची न विचारलेली गोष्ट पण दिसते. छताचा आकार विचारला म्हणून मी मान वर करून बघायला लागले आणि कळलं की आमच्या आळीतल्या निम्म्या घरांना वरचा मजला नंतर चढवलाय, खालच्या खिडक्या कमानीच्या, वरच्या चौकोनी, दोन्हीच्या मध्ये जुन्या छपराची पन्हळ अजून तशीच भिंतीत अडकलेली. एका घराच्या पन्हळीत पिंपळ उगवलाय, खालून जाणाऱ्याला दिसत पण नाही.

घर नंबरांचा प्रश्न तर मला फार आवडतो. नंबराची पाटी वाचायला तुम्हाला प्रत्येक फाटकापाशी नजर टाकावी लागते, आणि नंबर लिहायच्या किती तऱ्हा आहेत, पितळेचे अंक, फरशीत कोरलेले, खडूने लिहिलेले, आणि एके ठिकाणी आधीचा नंबर रंगाने झाकून नवीन टाकलाय पण जुना रंगाखालून फुगून वर आलाय, दोन्ही वाचता येतात. २१ नंतर एकदम २५ का येतो असं वाटून मागे वळून बघितलं की मधल्या मोकळ्या प्लॉटवर जुन्या घराचं जोतं दिसतं. एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम नंबर ही पद्धत आपण गृहीतच धरतो, पण ती कोणीतरी ठरवलेली आहे, पॅरिसमध्ये १८०५ साली हुकूम काढून शहरभर लागू केली होती. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी रस्त्यावरून नाही, गटावरून पत्ता असतो आणि जुन्या वस्त्यांमध्ये घर ज्या क्रमाने बांधलं त्या क्रमाने नंबर पडलेले सापडतात, म्हणजे ४ च्या शेजारी १७ असू शकतो. हे कळल्यापासून आमच्या गल्लीतला मधेच घुसलेला "अ" वाला नंबर बघितला की मला आधी हाच प्रश्न पडतो की हे घर कधी आलं असेल.

आणि फूटपाथच्या कडेचा प्रश्न. रस्ता ओलांडायच्या जागी फूटपाथची कड किती उंच आहे, उंच आहे का, उतरवलेली आहे का, की रस्त्याला अगदी समतल आहे, असं ॲप विचारतं. उतरवलेली म्हणजे साधारण ३ सेंटीमीटर. मला हा प्रश्न सुरुवातीला कंटाळवाणा वाटायचा. मग मैत्रिणीच्या बाबांची व्हीलचेअर ढकलत एकदा चौकापर्यंत गेले आणि कळलं की तीन सेंटीमीटर आणि दहा सेंटीमीटर यात काय फरक असतो, तीनवर पुढची चाकं जरा उचलली की निघतं, दहाला खुर्ची मागे फिरवून उलटी चढवावी लागते आणि मागून गाड्या हॉर्न देत असतात. आम्ही एका बाजूला छान उताराची कड बघून रस्त्यात उतरलो आणि पलीकडे जाऊन बघतो तर उंच कडच. बाबा काही बोलले नाहीत, फक्त हात खुर्चीवर घट्ट धरले. ते मी विसरू शकत नाही. त्या दिवसापासून मी कडेचे प्रश्न आधी सोडवते, बाकीचे नंतर. व्हीलमॅप नावाचा एक नकाशा आहे, २०१० पासून, कुठल्या जागी व्हीलचेअर जाते ते दाखवणारा, तो पण ओपनस्ट्रीटमॅपच्याच माहितीवर उभा आहे, म्हणजे एखाद्या जागेत व्हीलचेअर जाते का या प्रश्नाचं आपण दिलेलं उत्तर कोणाच्या तरी उपयोगाला येतं हे नक्की.

तशीच ती पिवळी उंचवट्यांची फरशी, दृष्टिहीन लोकांना पायाला आणि काठीला कळावी म्हणून बसवतात ती. ॲप विचारतं, या क्रॉसिंगला ती आहे का. सेइइची मियाके यांनी जपानमध्ये ती शोधून काढली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवली. ठिपक्यांची म्हणजे थांबा, सावध व्हा, लांब पट्ट्यांची म्हणजे या दिशेने चला, हा साधा अर्थ मला या प्रश्नामुळेच शोधून काढावासा वाटला. नंतर बघत गेले तर आमच्या स्टॉपजवळ पट्ट्यांची फरशी थेट विजेच्या खांबापाशी जाऊन संपते. ॲपमध्ये "आहे" असं उत्तर दिलं पण ते उत्तर पुरेसं नाही हे कळत होतं, म्हणून फोटोसकट टीप ठेवली. ही सोय फार चांगली आहे, प्रश्नाच्या पर्यायांत बसत नसेल तर टीप लिहायची, आणि नकाशावर काम करणारं दुसरं कोणी ती वाचून दुरुस्त करतं. जिन्याच्या कठड्याचंही मी तसंच केलं कारण कठडा आहे पण फक्त वरच्या अर्ध्या भागाला.

आता जिथे अडतं ते पण सांगायला हवं.

हे अँड्रॉइडचं ॲप आहे. माझी बहीण आयफोनवाली, तिला मी एव्हरी डोअर घ्यायला सांगितलं, ते दोन्हीकडे चालतं, दुकानं आणि सोयी नोंदवायला मस्त आहे पण प्रश्न विचारत नाही, काय बघायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं, त्यामुळे नवख्याला स्ट्रीटकंप्लीटच सोपं.

नवीन रस्ता किंवा नवीन इमारत तुम्ही इथे काढू शकत नाही. दुकान, घर नंबर अशा गोष्टी ॲपमधल्या वेगवेगळ्या थरांमधून (एका वेळी एकाच प्रकारची माहिती दाखवणारा नकाशा) टाकता येतात पण नकाशात नसलेली पायवाट सापडली तर टीप ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही. मला आधी याचा राग यायचा, आता वाटतं बरंच आहे, नवखा माणूस नकाशा बिघडवू शकत नाही.

उंच इमारतींच्या मधल्या बोळांत जीपीएस भरकटतं, सिग्नल भिंतींवर आपटून येतो त्यामुळे, कुठलाही फोन घ्या हे होणारच. अशा वेळी मी निळा ठिपका बघतच नाही, कोपऱ्यावरून इमारती मोजत जाते. आणि जीपीएस, स्क्रीन दोन्ही चालू म्हटल्यावर बॅटरी खाणारच.

पहिल्या दिवशी स्क्रीनवर इतक्या टाचण्या होत्या की मी घाबरलेच, आणि सगळ्या संपवायच्या म्हणून मान खाली घालून चालायला लागले, एका सायकलवाल्याच्या पुढ्यात आले. असं करू नका. सेटिंगमध्ये प्रश्नांचे प्रकार चालू-बंद करता येतात, क्रमही बदलता येतो. मी एका फेरीला दोन-तीनच प्रकार ठेवते, आज फक्त पायऱ्या आणि कडा, उद्या फक्त दिवे, आणि फोन खिशात ठेवून चालते, थांबले की बघते. आणि भाग घरूनच वायफायवर उतरवून घ्यायचा, मग बाहेर नेट नसलं तरी चालतं, उत्तरं नंतर वर जातात.

एक महत्त्वाची गोष्ट, तुमची उत्तरं तुमच्या खात्याच्या नावाने, वेळेसकट, सगळ्यांना दिसतात. म्हणजे रोज कुठे आणि किती वाजता चालता हे शोधणाऱ्याला कळू शकतं. मी खातं टोपणनावाने काढलंय आणि आपोआप अपलोड बंद ठेवलंय, दोन-चार दिवसांचं एकदम पाठवते, त्याने वेळ तरी पुसट होते. बायकांनी तर हे करायलाच हवं.

आणि लोकांच्या घरांसमोर फोन घेऊन उभं राहिलं की लोक बघतात. बघणारच. मी स्वतःहून बोलते, नकाशात नंबर भरतेय, बघा, म्हणून स्क्रीन दाखवते. एका आजोबांनी उलट मलाच गल्लीभर फिरवून आणलं, कुठली विहीर बुजवली, कुठलं फाटक कायम बंद असतं, सगळं सांगितलं. खिडकीतून आत डोकावायचं नाही आणि फोटोत माणसं येऊ द्यायची नाहीत एवढं मी पाळते.

दुसऱ्या कुठल्या ऑनलाइन नकाशात बघून उत्तर द्यायचं नाही, तो ओपनस्ट्रीटमॅपचा नियमच आहे, आपण डोळ्यांनी बघितलं तेच लिहायचं. जागेपासून लांब बसून उत्तर दिलं तर ॲप विचारतंच की तुम्ही तिथे जाऊन बघितलंय का. मी एकदा घरी बसून आठवणीने सहा इमारतींचे मजले भरले होते, दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर त्यातले दोन चुकलेले, दहा वर्षं ज्या इमारतींसमोरून जाते त्या. सगळे परत दुरुस्त केले.

टीम मोड पण आहे, दोघं-तिघं एकत्र निघालात तर प्रश्न वाटून देतो, एकच टाचणी दोघांना येत नाही. मी आठ वर्षांच्या भाचीला घेऊन जाते, तिच्या हातात माझा जुना फोन. तिची नजर माझ्या कमरेच्या उंचीवर असते ना, त्यामुळे मला कधी न दिसलेलं तिला दिसतं, भिंतीच्या बुंध्यापाशी मांजरीला ठेवलेलं भोक, पाण्याच्या मीटरच्या पेटीवर कोणीतरी खिळ्याने कोरलेलं साल, गटाराच्या जाळीत अडकलेल्या गोट्या. यातलं काहीच ॲप विचारत नाही. ती तरी मला थांबवून म्हणते, मावशी हे लिही.

मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा आयफोनवाल्या बहिणीसाठी कापला.

जिन्याच्या पुढच्या बोळाचा दिव्याचा प्रश्न मात्र अजून राहिलाय. खांब तीन आहेत, दिवसा बघून "दिवे आहेत" म्हणता आलं असतं, पण मधला पेटतो का ते बघितल्याशिवाय मला उत्तर द्यायचं नाहीये, त्यामुळे आज अंधार पडल्यावर आईला घेऊन तिकडूनच चक्कर मारणार आहे.