धोक्यातील अभ्यासकांची जागती नोंद: 'स्कॉलर्स ॲट रिस्क'ची सेवा

'स्कॉलर्स ॲट रिस्क' ही संस्था १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू झाली. आज तिचे कामकाज न्यूयॉर्क विद्यापीठातून चालते. छळ, अटक किंवा जिवाला धोका असलेल्या अभ्यासकांना परदेशी विद्यापीठात तात्पुरते पद मिळवून देणे हे तिचे मुख्य काम, आणि त्याच्या जोडीला शिक्षणक्षेत्रावरील हल्ल्यांची नोंद ती सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवते. ठाण्यातील आमच्या प्राध्यापकांच्या अभ्यासगटाने ही नोंदसेवा वर्गात वापरून पाहिली. इतर महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनीही ती जरूर वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक नोंदीत घटनेची तारीख, संस्था, देश आणि हल्ल्याचा प्रकार दिलेला असतो. हिंसा, अटक, खटला, प्रवासबंदी, सूडबुद्धीने नोकरीवरून किंवा शिक्षणातून काढणे आणि अन्य गंभीर घटना अशी ही विभागणी आहे. भाषा पंचनाम्यासारखी नेमकी असते. कोणता तपशील कुणाकडून कळला आणि कोणता अद्याप केवळ आरोप आहे, हे वाचकाला उमजते. आपत्कालीन वैद्यकशास्त्राचे इराणी-स्वीडिश तज्ज्ञ अहमदरझा जलाली यांचे प्रकरण आम्ही विद्यार्थ्यांसमोर ठेवले. इराणमधील विद्यापीठांच्याच निमंत्रणावरून तेथे गेले असताना एप्रिल २०१६ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. शिक्षेपेक्षाही निमंत्रणाच्या तपशिलाने ऐरोलीहून येणारी एक विद्यार्थिनी अधिक अस्वस्थ झाली, आणि पुढची चर्चा त्याच मुद्द्यावर रंगली.

संस्थेच्या 'फ्री टू थिंक' या वार्षिक अहवालाच्या २०२३ च्या आवृत्तीत ६६ देश व प्रदेशांतील ४०९ हल्ल्यांची नोंद आहे. मात्र या आकड्यांवरून देशांची क्रमवारी लावण्याचा मोह टाळावा, कारण जेथे वृत्तपत्रे आणि संघटना बोलू शकतात तेथील घटना अधिक संख्येने बाहेर येतात. तुलनाच करायची असेल तर तज्ज्ञांच्या मूल्यमापनावर आधारलेला 'ॲकॅडेमिक फ्रीडम इंडेक्स' हा शैक्षणिक स्वातंत्र्याचा देशनिहाय निर्देशांक जोडीला घ्यावा.

सेवेची खरी मर्यादा मला वेगळीच वाटते. येथे घटना नोंदवली जाते, भीती नोंदवली जात नाही. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकाची नेमणूक दर वर्षी नव्याने होते. त्याने एखादा वादग्रस्त विषय वगळला, किंवा पुढच्या वर्षी त्याला बोलावलेच नाही, तर त्याचा कागद कोठेच उरत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची नासधूस झाली, तिची तारीख तरी सांगता येते. त्यानंतर किती जणांनी आपले संशोधनाचे विषय बदलले, हे कोण सांगणार? हा दोष केवळ या संस्थेचा नाही, पण वापरणाऱ्याने तो ध्यानात ठेवलाच पाहिजे. शिवाय मराठीत काहीही उपलब्ध नसल्याने पदवीच्या पहिल्या वर्षाला नोंदींचा सारांश आम्हालाच करून द्यावा लागला.

तात्पुरत्या पदाने काय साधते, असा प्रश्न गटात निघाला. नाझी राजवटीने १९३३ मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथील पदावरून दूर केलेले भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही महिने होते. तेथे कायमची नेमणूक झाली नाही, पण पुढे एडिनबराला प्राध्यापकपद मिळेपर्यंतचा कठीण काळ त्यामुळे निभावला. 'स्कॉलर्स ॲट रिस्क' मिळवून देत असलेल्या पदांचे मोल मी याच हिशेबाने करते.

नोंदींसोबत अनेकदा संबंधित सरकारला सभ्य भाषेत पत्र लिहिण्याचे आवाहन असते. राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा विधी शिकवणाऱ्यांनी नोकरीवरून काढल्याच्या नोंदींपासून सुरुवात करावी, कारण आपल्या विद्यार्थ्यांना त्या सर्वांत जवळच्या वाटतात, आणि मग एका प्रकरणाचा पाठपुरावा सत्र संपेपर्यंत करावा.