लहान जातीच्या पिल्लासाठी किबल आणि ट्रीट्स : कोणते घ्यावे, कोणते टाळावे

चिहुआहुआ, पॉमेरेनियन, शिह त्झू, यॉर्कशायर टेरियर किंवा तत्सम जातीच्या, म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावरही साधारणतः दहा किलोच्या आत राहणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लासाठी किबल, म्हणजे कोरडे दाणेदार खाद्य, घेऊ लागले की चार प्रकारच्या पिशव्या समोर येतात. एक खास लहान जातींच्या पिल्लांसाठी असते, दुसरी कोणत्याही जातीच्या पिल्लांसाठी, तिसरी ‘सर्व वयोगटांसाठी’ आणि चौथी प्रौढ कुत्र्यांसाठी. यांपैकी चौथी आधीच बाजूला ठेवावी. अमेरिकेतील ‘आफ्को’ या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या निकषांनुसार, पाण्याचा अंश वगळून मोजल्यास, वाढत्या पिल्लाच्या खाद्यात किमान २२.५ टक्के प्रथिने आणि ८.५ टक्के स्निग्ध पदार्थ असावे लागतात. प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात मात्र अनुक्रमे १८ आणि ५.५ टक्के पुरतात. कॅल्शियमची किमान मर्यादा पिल्लासाठी १.२ टक्के आणि प्रौढासाठी ०.५ टक्के आहे. घरात आधीपासून मोठा कुत्रा आहे, तेव्हा त्याच्याच पिशवीत दोघांचे भागेल, हा हिशेब त्यामुळे पिल्लाच्या अंगाशी येतो.

उरलेल्या तिन्हींमधला फरक मात्र जाहिरातींत दाखवतात तितका मोठा नाही. ‘सर्व वयोगटांसाठी’ असे विधान करणाऱ्या खाद्याला पिल्लांचेच निकष पूर्ण करावे लागतात, म्हणून ते पिल्लाला चालते. लहान जातींसाठीच्या किबलचा खरा फायदा दोन गोष्टींत आहे : दाण्याचा आकार आणि उष्मांकांची घनता. दीड किलोच्या पिल्लाचा जबडा इतका अरुंद असतो की मोठा दाणा त्याला दाढेखाली धरताच येत नाही. ते दाणा तोंडात फिरवते, खाली टाकते, पुन्हा उचलते आणि शेवटी एक तर वाटी सोडून निघून जाते किंवा दाणा तसाच गिळून टाकते. दाणा दाढेखाली फुटल्याचा आवाज येत असेल, तर आकार योग्य आहे असे समजावे.

उष्मांकांचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणारी ऊर्जा काढण्यासाठी पशुवैद्यक वजनाच्या ०.७५ व्या घाताला ७० ने गुणतात. चार महिन्यांखालील पिल्लाला त्याच्या सुमारे तिप्पट आणि त्यापुढे वाढ पूर्ण होईपर्यंत सुमारे दुप्पट ऊर्जा लागते. यानुसार पाच महिन्यांच्या, दोन किलो वजनाच्या पिल्लाची दिवसाची गरज २३५ किलोकॅलरींच्या आसपास येते. किलोमागे ४००० किलोकॅलरी देणारे किबल असेल तर ती ५९ ग्रॅममध्ये भागते, ३५०० देणारे असेल तर ६७ ग्रॅम लागतात. नीट खाणाऱ्या पिल्लाला या आठ ग्रॅमांनी काही फरक पडत नाही. पण अर्धी वाटी सोडून देणाऱ्या चोखंदळ पिल्लासाठी थोड्यात अधिक उष्मांक देणारे खाद्यच बरे, कारण अगदी लहान जातींच्या पिल्लांच्या शरीरात साखरेचा साठा तुटपुंजा असतो आणि दोन जेवणांत फार अंतर पडले तर रक्तातील साखर एकदम खाली येऊ शकते. पिल्लू सुस्त झाले, झोकांड्या खाऊ लागले, थरथरू लागले, तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचा पाक चोळून त्याला तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. म्हणूनच सुरुवातीच्या महिन्यांत दिवसाचे खाणे तीन ते चार वेळांत विभागून द्यावे, मग पिशवी कोणतीही असो. हे मोजमाप स्वयंपाकघरातल्या काट्यावर करावे; पेल्याने मोजताना होणारी थोडीशी चूकही एवढ्या लहान शरीराला मोठी ठरते.

मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीची पिशवी वर मोजली नाही, कारण तिच्यातला कॅल्शियमवरचा विशेष अंकुश लांब हाडांच्या वेगवान वाढीमुळे लागतो आणि लहान जातीला त्याची गरज नसते. उलट बाजूने, पिल्लांचे संपूर्ण खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमची पावडर किंवा गोळ्या देणे हा अनेक घरांतला आवडता उद्योग आहे. तो पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय करू नये.

दोन पिशव्यांमध्ये निर्णय होत नसेल, तर पुढच्या बाजूवरील चित्रे सोडून मागच्या बाजूवरील विधान वाचावे. ‘वाढीच्या काळासाठी संपूर्ण व समतोल’ असा अर्थ त्यातून निघाला पाहिजे. ‘पूरक खाद्य’ किंवा ‘अधूनमधून देण्यासाठी’ असे लिहिलेले उत्पादन कितीही महाग असले तरी रोजचे जेवण म्हणून चालत नाही. घटकांच्या यादीला मात्र लोक वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देतात, असे माझे मत आहे. यादी प्रक्रियेपूर्वीच्या वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ताज्या कोंबडीत सुमारे ७० टक्के पाणीच असते. त्यामुळे पहिल्या क्रमांकावरची ‘ताजी कोंबडी’ तिसऱ्या क्रमांकावरच्या ‘कोंबडीच्या मील’पेक्षा, म्हणजे पाणी व चरबी काढून केलेल्या भुकटीपेक्षा, प्रत्यक्षात कमी प्रथिने देत असू शकते. यादीत माशाचे तेल किंवा डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल दिसले तर ती जमेची बाजू धरावी, कारण पिल्लाच्या मेंदूच्या आणि डोळ्यांच्या वाढीला त्याचा उपयोग होतो.

धान्यविरहित किबलची बाजू मला दुबळी वाटते. धान्याची खरोखरची ॲलर्जी कुत्र्यांत फारशी आढळत नाही; खाद्याच्या ॲलर्जीत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि कोंबडी यांची नावे अधिक येतात. शिवाय २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्याच्या जागी मटार, मसूर यांसारखी द्विदले आणि बटाटे मुख्य घटक असलेल्या खाद्यांचा आणि हृदयाचे स्नायू पातळ व दुबळे होण्याच्या विकाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण फायदा दिसत नसताना शंका विकत का घ्यावी?

ओले खाद्य की कोरडे, या प्रश्नात आकडे फसवतात. डब्यावर ९ टक्के आणि पिशवीवर २८ टक्के प्रथिने पाहून डबा कमी कसाचा वाटतो. पण डब्यात ७८ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २२ भागांत ९ भाग प्रथिने, म्हणजे जवळजवळ ४१ टक्के होतात, आणि १० टक्के ओलावा असलेल्या किबलमध्ये ३१ टक्के. कोरडे किबल दात साफ ठेवते ही समजूतही सैलच आहे, कारण साधा दाणा दाताच्या टोकाशीच फुटतो आणि हिरडीपाशी साचणाऱ्या थराला स्पर्शही करत नाही. साठवायला आणि मोजायला सोपे, म्हणून रोजच्यासाठी किबल ठेवावे. दात पडण्याच्या काळात किंवा भूक मंदावल्यावर त्यात थोडे ओले खाद्य मिसळावे, आणि तेवढे किबल कमी करावे.

ट्रीट्सच्या बाबतीत चूक करायला जागा अधिक आहे. ट्रीट्समधून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत, हा सर्वमान्य नियम वरच्या पिल्लाला लावला तर हाती उरतात फक्त २३ किलोकॅलरी. वीस किलोकॅलरींच्या एका बिस्किटातच तो दिवस संपतो. शिकवणीसाठी म्हणून सर्वांत उत्तम ट्रीट म्हणजे दिवसाच्या मोजलेल्या वाट्यातूनच बाजूला काढलेले किबल. घरातल्या घरात ‘बस’, ‘ये’ शिकवायला ते पुरते. बाहेर, जिथे लक्ष विचलित होते, तिथे वासाच्या मऊ ट्रीट्स अधिक चालतात. त्या मटाराच्या दाण्याहूनही बारीक कुस्कराव्यात, कारण कुत्रा बक्षिसाचा आकार नव्हे, बक्षीस मिळाले की नाही हे मोजतो.

कुरकुरीत बिस्किटे तोडायला वेळ लागतो आणि चावेपर्यंत शिकवणीची लय जाते, म्हणून ती मला दुय्यम वाटतात. फ्रीझ-ड्राय केलेले, म्हणजे गोठवून वाळवलेले, मांस पिल्लांना फार आवडते, परंतु ते कच्चे असेल तर साल्मोनेलासारखे जंतू वाळवण्याने मरत नाहीत. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर शिजवलेलेच घ्यावे. गाजराचा तुकडा किंवा बिया काढलेले सफरचंद हलके आणि निर्धोक आहे. याउलट द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण आणि मॅकाडेमिया हा सुकामेवा यांना सक्त मनाई असावी. घरी ट्रीट्स करताना पीनट बटर वापरायचे असल्यास त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ नाही याची खात्री करावी, कारण त्याची थोडी मात्राही कुत्र्याला घातक ठरते.

चघळण्याच्या वस्तूंत शिंगे, खूर आणि हाडे सरळ नाकारावीत. ज्यात नख दाबल्यावर खूण उमटत नाही, त्यावर दात मोडू शकतो. चामड्याच्या चकत्यांचा भिजलेला तुकडा लहान घशात अडकण्याची भीती असते. दंतस्वच्छतेच्या च्यूजची कल्पना चांगली आहे, कारण लहान जातींत हिरड्यांचे आजार लवकर आणि अधिक होतात. पण अनेक च्यूज सहा महिन्यांखालील पिल्लांसाठी नसतात, आणि सर्व ४२ पक्के दात येईपर्यंत थांबून, तोवर ब्रशची सवय लावणे अधिक उपयोगी पडते.

निवड झाली तरी पहिली पिशवी सर्वांत लहानच घ्यावी. दोन किलोचे पिल्लू महिन्याला जेमतेम दोन किलो खाते, आणि उघडलेल्या पिशवीतली चरबी हळूहळू खवट होत जाते. पिल्लू आधीच्या घरी जे खात होते तेही थोडे मागून आणावे, म्हणजे सात ते दहा दिवसांत जुने कमी आणि नवे अधिक करत बदल करता येतो. साधारण दहा ते बारा महिन्यांनी, वाढ पूर्ण झाली की, प्रौढांच्या खाद्याकडे वळताना हाच क्रम पुन्हा पाळावा.