डग्लस फरच्या चौकटी, एका पावसाळ्यानंतर

गेल्या मार्चमध्ये घराची डागडुजी काढली तेव्हा आतल्या चार दारांच्या चौकटी बदलणे भाग होते. सुताराने नेहमीप्रमाणे सागवानाचा हिशोब मांडला आणि तो ऐकून मी दुसऱ्याच दिवशी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः जाऊन आलो. एका वखारीत तांबूस झाक असलेले, सरळ शिरांचे लाकूड पुढे करून, ‘साहेब, हे पाइन घ्या, इम्पोर्टेड आहे, सागाच्या निम्म्या भावात बसेल’ असे मला सांगण्यात आले. पुण्याच्या बाजारात बाहेरून आलेले कुठलेही मऊ लाकूड ‘पाइन’ याच नावाने विकले जाते. प्रत्यक्षात ते डग्लस फर, म्हणजे उत्तर अमेरिकेतले एक सूचिपर्णी झाड होते, आणि गंमत अशी की नावात फर असले तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे झाड खरा फरही नाही.

मला ते ओळखता आले, कारण दोन वर्षांपूर्वी मुलीकडे सिएटलला गेलो असताना आम्ही मॉन्टेसानो नावाच्या गावात एक दिवस घालवला होता. वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रेज हार्बर काउंटीचे, म्हणजे आपल्या हिशोबाने जिल्ह्याचे, ते ठिकाण आहे. वस्ती मात्र चार हजारांच्या आसपास. शेजारचे अ‍ॅबर्डीन त्याच्या कितीतरी पट मोठे असूनही कचेरी आणि न्यायालय मॉन्टेसानोतच आहे. सावंतवाडी आणि कुडाळ असताना सिंधुदुर्गाचा कारभार ओरोसहून का चालतो, असे ज्यांना वाटते त्यांना यात काही नवल वाटणार नाही. पॅसिफिक महासागर जवळ असल्याने त्या भागात वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्या पावसावर डग्लस फर व हेमलॉक ही झाडे ऊस वाढावा तशी वाढतात.

ही उसाची उपमा मी सहज दिलेली नाही. पूर्वी तिथल्या लाकूड कंपन्या जंगल तोडून पुढे सरकत आणि मागे उरलेल्या जमिनीवरच्या ढलप्या-फांद्यांना वारंवार आगी लागत. 1941 साली वेयरहाउझर कंपनीने मॉन्टेसानोजवळची आपली तोडलेली जमीन टाकून न देता, आगीपासून राखून तिच्यावर दुसरे पीक घ्यायचे ठरवले आणि त्या क्षेत्राला क्लेमन्स ट्री फार्म असे नाव दिले. अमेरिकेतले पहिले ‘ट्री फार्म’ म्हणून ते ओळखले जाते. त्यामुळे आज आपल्याकडे जे लाकूड येते त्यातले पुष्कळसे शेकडो वर्षे उभ्या असलेल्या झाडांचे नसून चाळीस-पन्नास वर्षांत तोडणीला आलेल्या पिकाचे असते. माझ्या चौकटी त्याच गावच्या आहेत असा माझा मुळीच दावा नाही. हे झाड कॅनडातही भरपूर वाढते. पण पीक आणि जंगल यांतला फरक खरेदी करताना अतिशय कामाचा ठरतो, आणि वखारीत तो कोणी सांगत नाही.

तो फरक लाकडाच्या आडव्या छेदावर, वर्षागणिक पडणाऱ्या वलयांत दिसतो: पीक भराभर वाढते म्हणून त्याची वलये रुंद, म्हणजे इंचात कमी असतात. मी पट्टी लावून मोजले तेव्हा एका नगाच्या टोकाला इंचभरात सहा वलये होती, तर दुसऱ्या नगाच्या टोकाला सोळा. भाव दोन्हींचा एकच. प्रत्येक वलयात वसंतातला फिकट, मऊ भाग असतो आणि उन्हाळ्याअखेरचा गडद, कठीण भाग. वलये रुंद असली की मऊ पट्टा मोठा होतो, रंधा मारताना पृष्ठभाग लाटांसारखा उमटतो आणि मशीनने पॉलिशपेपर मारला तर मऊ भाग झिजून कठीण शिरा वर उठतात. आमच्या सुताराने दोन चौकटींवर हा अनुभव घेतला आणि मग पुढच्या दोन हाताने, शिरांच्या दिशेनेच घासल्या. स्क्रू मारण्यापूर्वी ड्रिलने भोक पाडावेच लागते, नाहीतर टोकाशी लाकूड चिरते. ‘सागाला असले लाड लागत नाहीत’ हे त्याचे मत त्याने दिवसातून चार वेळा ऐकवले, आणि ते खरेही आहे.

आता वर्षभरानंतरचा अनुभव. चारही चौकटी अजून ओळंब्यात आहेत. जून ते सप्टेंबर या काळात एकही दार अडकले नाही, जी गोष्ट मला आधीच्या कुठल्याही लाकडाबद्दल म्हणता येणार नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट आहेत. स्वयंपाकघराच्या चौकटीला मात्र सिलिंडर आत-बाहेर करताना घासून दीड-दोन सूत खोल चर पडला आहे आणि हॉलमधल्या चौकटीवर एका गाठीतून राळ पाझरून पांढऱ्या रंगावर मधासारखा डाग उमटला आहे. गाठींवर आधी लाखेचा हात दिला असता तर हे टळले असते. ती चूक आमची.

चूक आमची नव्हती ती बाथरूमच्या चौकटीत. चार नगांतला एक नग वखारीने कडेच्या फिकट लाकडाचा, म्हणजे झाडाच्या सालीलगतच्या थराचा दिला होता, आणि वर ‘सगळा माल ट्रीटमेंट केलेला आहे’, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मारलेला आहे, असेही सांगितले होते. तांबूस गाभा बऱ्यापैकी टिकतो. हा फिकट थर ओलाव्यात टिकत नाही आणि वाळवीपुढे तर या झाडाचा कुठलाच भाग भरवशाचा नाही. दिवाळीपर्यंत फरशीलगतचे चार इंच लाकूड नखाने उकरता येईल इतके मऊ झाले. तक्रार घेऊन गेलो तेव्हा बिलावर ट्रीटमेंटचा उल्लेख नसल्याचे मला दाखवण्यात आले. म्हणून घेणाऱ्यांनी प्रत्येक नग उलटून पाहावा, फिकट कड असलेला बाजूला काढावा आणि ट्रीटमेंटचे वेगळे लेखी घ्यावे.

कोरड्या खोल्यांच्या चौकटी, पुस्तकांची कपाटे, आतली फर्निचरची सांगाडेवजा कामे यांसाठी मी हे लाकूड पुन्हा घेईन, पण एका इंचात दहापेक्षा कमी वलये असलेला नग घेणार नाही. बाथरूमच्या चौकटीचा खालचा भाग कापून तिथे ग्रॅनाइटची पट्टी बसवली आहे. बाल्कनीचे दार यंदा करायचे आहे, त्याच्यावर पश्चिमेचा पाऊस थेट येतो. त्यासाठी सागाचीच ऑर्डर दिली.