मुलींच्या बास्केटबॉल कोर्टाचं काम: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या महाविद्यालयातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी आम्हाला कोर्ट दोनदा करून घ्यावं लागलं. पहिलं काम फसलं, दुसरं टिकलं. दुसऱ्यावरून दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेले, म्हणून आता खात्रीनं लिहिते. मी परभणीत शारीरिक शिक्षण संचालक आहे आणि दोन्ही वेळा कामावर रोज उभी होते. परभणी, हिंगोली, नांदेड भागात कुणी शाळेसाठी किंवा कॉलेजसाठी कोर्ट करायच्या विचारात असेल, तर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचावं.

पहिला कंत्राटदार बाहेरगावचा. नाव घेत नाही. दर सगळ्यात कमी, म्हणून त्याचा कागद मंजूर झाला. त्यानं २८ मीटर बाय १५ मीटर जागा मोजली आणि तेवढ्यावरच काँक्रीट टाकलं. कोर्टाचं माप तेवढंच असतं हे खरं, पण रेघेच्या बाहेर चारही बाजूंनी किमान २ मीटर मोकळं लागतं. जोरात धावत आलेली मुलगी रेघेवर थांबत नाही. म्हणजे हिशेब ३२ बाय १९ चा, ६०८ चौरस मीटरचा, साधारण साडेसहा हजार चौरस फुटांचा धरायचा. मी हे तोंडी सांगितलं होतं, करारात लिहून घेतलं नव्हतं. तुम्ही लिहून घ्या.

खांबाचंही तसंच. रिंगच्या मागचा बोर्ड शेवटच्या रेघेच्या १.२० मीटर आत यायला हवा आणि खांब रेघेच्या किमान २ मीटर मागे. म्हणजे खांबाचा पुढे येणारा हात सव्वातीन मीटरच्या आसपास हवा. त्यानं आणलेल्या खांबाचा हात जेमतेम चार फुटांचा, त्यामुळे खांब रेघेलाच चिकटून उभा राहिला. त्याला गादी नव्हती. नियमानं जमिनीपासून २.१५ मीटर उंचीपर्यंत ती लागते. पहिल्याच महिन्यात ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळ उडी घेत टाकायचा बॉल, मारून उतरताना पूर्णेहून येणाऱ्या आमच्या एका मुलीचं मनगट खांबावर आपटलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि तिचं ते शेवटचं वर्ष. तिची आई मला म्हणाली, "बाई, लेकरू खेळताना पडलं असतं तर आम्ही काही म्हणलो नसतो. पण खांब तिथं कसा काय आला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरी चूक तर थेट सामन्यात कळली. तीन गुणांची रेघ रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर असते. २०१० पर्यंत ती ६.२५ वर होती, आणि कंत्राटदाराकडचा नकाशा जुना होता. आम्ही अख्खा हंगाम त्याच रेघेवरून सराव केला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या सगळ्यात भरवशाच्या मुलीचे नेम एकामागून एक रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येऊ लागले. ती माझ्याकडे बघायची आणि मी बाहेरून ओरडायची, "गुडघा वाकव, हात पूर्ण सोड!" तिचा हात बरोबरच होता. परत आल्यावर मी टेप काढला, तिला वर्गातून बोलावलं, टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि आकडा तिलाच वाचायला लावला. तो वाचून ती कितीतरी वेळ रेघेकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे माझं काही बिघडलं नव्हतं." त्या स्पर्धेनंतर तिनं खेळ सोडायचं मनात आणलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

एवढं सगळं दुरुस्त करता आलं असतं, पण खालची माती दुरुस्त होणारी नव्हती. मे महिन्यात हिरव्या रंगातून केसाएवढी भेग निघाली. जुलैच्या पावसानंतर मधलं एक पॅनेल, म्हणजे काँक्रीटचा एक चौकोन, बोटभर वर आलं. तिथं बॉल आपटत नेला, म्हणजे ड्रिबल केलं, की बॉल घोट्याकडे वळायचा. आमच्या गल्लीत कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक काका राहतात, त्यांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी भेगेत काडी घालून बघितली. म्हणाले, "बाई, ही काळी माती. उन्हाळ्यात तोंड उघडते, पावसाळ्यात फुगते. तिच्या अंगावर नुसता चार इंचांचा थर टाकला तर तो तिच्यासोबत हलणारच." वरचा रंगही साधा ऑइलपेंट निघाला. हिवाळ्यात पहाटे दव पडलं की मुली त्यावरून सरळ घसरायच्या.

दुसऱ्या वेळी ज्यांच्याकडून काम करून घेतलं, त्यांनी पहिल्या दिवशी रंगाचे नमुने आणले नाहीत. कुदळ-फावडं घेऊन आले आणि चार कोपऱ्यांत चार खड्डे घेतले. एका कोपऱ्यात काळी माती अडीच फुटांवर संपली, कडुलिंबाच्या बाजूला चार फूट गेली. ती सगळी काढली. कठीण मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवला. त्यावर खडीचं सोलिंग, मग पीसीसी (जाळीशिवायचं साधं काँक्रीट), मग जाळी टाकून एम-२० मजबुतीचं काँक्रीट आणि त्याला वेळेत कापलेले सांधे. कोर्टाच्या बाहेरून नाली काढली, म्हणजे पावसाचं पाणी खाली मुरत नाही. झाड तोडायचं नाही असं मी म्हटल्यावर त्यांनी वाद न घालता अख्खं कोर्ट दोन मीटर सरकवलं. हे मला फार आवडलं, कारण सराव संपल्यावर पोरी त्याच सावलीत बूट सोडतात.

पाणी मारण्याचा प्रश्न मात्र गंभीर होता. आळी करून २१ दिवस काँक्रीट भिजवायचं, आणि काम एप्रिलमध्ये. बोअर आटलेलं. टँकरचा खर्च करारात धरला नव्हता, तो आम्हाला वेगळा द्यावा लागला. मराठवाड्यात हे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावं, म्हणजे विहिरीला पाणी असतं आणि उन्हानं वरचा थर लवकर सुकत नाही.

वरचा ॲक्रिलिकचा रंग लावण्याआधी त्यांनी केलेली एक तपासणी सांगते, कारण ती कुणालाही करता येते. २८ दिवस झाल्यावर सगळ्या कोर्टावर पाणी सोडलं आणि तासभर वाट बघितली. ढाळ शंभराला एक, एका बाजूकडून दुसरीकडे. पाणी निघून गेलं, दोन ठिकाणी मात्र थोडं साचून राहिलं. मिस्त्रीनं खिशातून रुपयाचं नाणं काढून त्या पाण्यात ठेवलं. पहिल्या ठिकाणी नाण्याची वरची बाजू कोरडी राहिली, ते चालतं म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी नाणं बुडालं. खडूनं तिथं गोल केला, दुसऱ्या दिवशी तेवढा भाग भरून घासला आणि पुन्हा पाणी सोडून मला बोलावलं. मी स्वतः नाणं ठेवून बघितलं, मगच रंगाला हो म्हटलं. ॲक्रिलिकमध्ये बारीक रेती असते, त्यामुळे दवातही बूट धरून राहतो. दोन वर्षांत एकही मुलगी घसरलेली नाही.

खर्च पहिल्या कामाच्या जवळजवळ पावणेदोनपट झाला. तरी जमिनीखालच्या कामाला माझे पाचपैकी पाच. एकूण कामाला चार. एक गुण का कापला तेही सांगते. ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशीर झाला. रिंगच्या जाळ्या हलक्या दिल्या, उन्हानं चार महिन्यांत तुटल्या. आणि सांध्यातला भराव पश्चिमेकडून निघायला लागलाय. दोनदा फोन केलाय, येतो म्हणतात, अजून आलेले नाहीत.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. एलईडीचे चार खांब लांबीच्या दोन्ही बाजूंना घ्या, बोर्डाच्या मागे घेऊ नका, नाहीतर शॉट मारताना दिवा थेट डोळ्यांत येतो. आमच्याकडे संध्याकाळचा सराव साडेसहाला संपवावाच लागतो, कारण गंगाखेड आणि सेलूच्या मुलींना गाडी गाठायची असते. दिव्यांचा खरा उपयोग उन्हाळ्यात होतो. पहाटे साडेपाचला अंधारात सुरू करायचं आणि ऊन चढायच्या आत घरी सोडायचं.

आता ज्या कामाचा कोर्टाच्या कुठल्याच कोटेशनमध्ये उल्लेख नव्हता, ते काम. कोर्टाशेजारच्या जुन्या स्टोअररूमची आम्ही मुलींसाठी खोली करून घेतली. गावातलाच गवंडी, गावातलाच प्लंबर. आतून लागणारी भक्कम कडी, दोन स्वच्छतागृहं, नळ, आठ खुंट्या, आरसा, झाकणाचा कचऱ्याचा डबा, कपाटात पॅड. सगळा मिळून खर्च खांबांच्या जोडीपेक्षा कमी. आधी पोरी घरूनच ट्रॅकसूट घालून, वर ओढणी घेऊन एसटीत बसायच्या. कॉलेजचं स्वच्छतागृह पाचला बंद व्हायचं, म्हणून दुपारपासून पाणी प्यायच्या नाहीत. मी वर्षानुवर्षं त्यांना पोटऱ्यांत गोळे का येतात म्हणून केळी खाऊ घालत होते. खोली झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या शिपाई मामांनी सांगितलं, "मॅडम, माठ दोनदा भरावा लागतोय." त्या दिवशी मला कारण कळलं. पूर्वी पाचजणी मैदानात उभ्या करताना घरोघरी फोन करावे लागायचे. आता पाच-पाचच्या दोन बाजू खेळतात आणि सात-आठ जणी बाहेर आपला नंबर यायची वाट बघत उभ्या असतात.

बॉल ६ नंबरचाच घ्या, घेर साधारण साडेअठ्ठावीस इंच. मुलींचा अधिकृत बॉल तोच. आमच्याकडे कित्येक वर्षं ७ नंबरचे येत होते, कारण खरेदीच्या यादीत नुसतं 'बास्केटबॉल' लिहिलेलं असायचं. उघड्या कोर्टावर रबरी बॉल जास्त टिकतो. कंपोझिट लेदरचे दोन आम्ही फक्त सामन्याच्या आदल्या आठवड्यात काढतो, हाताला सवय व्हावी म्हणून.

संस्थेच्या बैठकीत "मुलींसाठी एवढं कशाला" हा प्रश्न येतोच, मलाही आला. मी सांगितलं की हा खेळ १८९१ मध्ये सुरू झाला आणि १८९२ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवायला घेतला. मुली यात पहिल्यापासून आहेत. भारतीय संघाची कप्तानी केलेली शिरीन लिमये आपल्या पुण्याची. भारताकडून बास्केटबॉल खेळलेल्या प्रशांती सिंग यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या दोघींचे फोटो आता खोलीत खुंट्यांच्या वर लावलेत, आरशात बघून केस बांधताना दिसतील असे.

कुणाला काम बघायचं असेल तर जरूर या, सोबत टेप आणि रुपयाचं नाणं आणा. सकाळी सहापासून फाटक उघडं असतं. साडेआठनंतर येऊ नका, हिरवा रंग तापतो आणि मुलीही वर्गात गेलेल्या असतात.