सेकंड लाइफ की व्हीआरचॅट?

दोन्ही ऑनलाइन आभासी जगं. तिथे घर बांधायचं, दुकान थाटायचं असेल तर 2003 पासून चालू असलेल्या सेकंड लाइफला आजही तोड नाही. तिथला एक रीजन, म्हणजे जमिनीचा तुकडा, 256 × 256 मीटरचा. बांधकाम तिथल्या तिथे, व्यवहार लिंडेन डॉलर या तिथल्याच चलनात. गर्दीत मात्र ते हमखास अडखळतं. ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं दृश्य दिसावं ते) 64 मीटरवर आणा, बराच फरक पडतो.

गप्पा आणि हावभावांत व्हीआरचॅट सरस. डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट नसला तरी चालतं. पण जग बनवायला युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकणं आलंच, शिवाय नव्या खात्याला अपलोडची परवानगी लगेच मिळत नाही. पीसीवर अवताराने (तुमच्या तिथल्या रूपाने) 70,000 पॉलिगॉन, म्हणजे आकृती घडवणारे छोटे त्रिकोण, ओलांडले की तो थेट ‘व्हेरी पूअर’ या सर्वांत खालच्या श्रेणीत! मग समोरचे बरेच जण आपल्या पडद्यावर तो लपवूनच ठेवतात. (बहुतेकदा दोष त्या देखण्या केसांचा.)

असं जग स्वतःच चालवायचं तर ओपनसिम्युलेटर हे सॉफ्टवेअर फुकट, फक्त सर्व्हर सांभाळायची हौस हवी.