उद्यमनगरातलं तारेचं दुकान: टॅग दाखवूनच माल देतात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं स्प्रिंगचं वर्कशॉप आहे. दोन कॉइलिंग मशीन, चार माणसं. इचलकरंजीच्या यंत्रमागांना लागणाऱ्या स्प्रिंगा हे आमचं मुख्य काम. वर्षभर तार मागच्याच गल्लीतल्या दुकानातून घेतोय, म्हणून हे लिहितोय.

त्याआधी दुसरीकडून ‘इम्पोर्टेड’ म्हणून २ एमएम तारेची कॉइल, म्हणजे गुंडाळी, घेतली होती. किलोमागं स्वस्त पडली, पण टॅग फाटलेला आणि टेस्ट सर्टिफिकेट ‘नंतर देतो’. सुरुवातीला माप बरोबर होतं, कॉइलच्या पोटात गेल्यावर १.९६ निघालं. एवढ्यानं काय होतं असं वाटेल. पण स्प्रिंगचा जोर तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो; जाडी २ टक्के घटली की जोर जवळपास ८ टक्के उतरतो. सगळा लॉट परत आला. मजुरी, टेम्पो, सगळं अंगावर. माल परत आल्याचं माझ्या माणसांना सांगताना जीव तुटला.

या दुकानातल्या काकांकडं देशी आणि परदेशी दोन्ही तार असते. कुठली कुठून आलीय ते विचारायच्या आधीच सांगतात. टॅगवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा नंबर, सर्टिफिकेटशी जुळवून दाखवतात. कॉइलच्या दोन्ही टोकांचा तुकडा कापून देतात. मी मायक्रोमीटरनं जाडी मोजतो, मग ते तार तेवढ्याच जाडीच्या सळीवर गच्च गुंडाळतात आणि उजेडात धरतात. वेढ्याच्या बाहेरच्या अंगाला केसासारखी भेग दिसली तर कॉइल बाजूला.

आयातीचं गणितही त्यांच्याकडूनच कळलं. साधी कार्बन तार कस्टममध्ये ७२१७ या कोडखाली येते, सिलिकॉन-क्रोमसारखी मिश्र पोलादाची ७२२९ खाली. अमेरिकेनं पोलादावर २०१८ मध्ये २५ टक्के शुल्क लावलं, जून २०२५ मध्ये ते ५० टक्क्यांवर नेलं. असा दरवाजा बंद झाला की माल दुसरी गिऱ्हाईकं शोधतो. म्हणून स्वस्त ऑफर आली की काका आधी आयएस ४४५४ (स्प्रिंगच्या तारेचं भारतीय मानक) चा शिक्का बघायला सांगतात, मग दर.

तक्रारी दोन. छोट्या गिऱ्हाइकालाही अख्खी कॉइल घ्यावी लागते, पैसे अडकून पडतात. आणि परदेशी तारेचा दर त्या लॉटपुरताच. डॉलर किंवा जहाजभाडं हललं की पुढच्या खेपेला आकडा वेगळा, त्यामुळं आम्हाला पार्टीला तीन महिन्यांचा भाव देता येत नाही. रोजच्या कामाला मी देशीच घेतो. परदेशी फक्त मिश्र पोलादाची हवी असेल तेव्हा.

जायचं तर सकाळी जावा, दुपारी टेम्पो उतरवण्यात सगळे गुंतलेले असतात. आणि मायक्रोमीटर आपलाच न्या, काका अजिबात वाईट वाटून घेत नाहीत.